डोंगरातल्या तळ्याकाठच्या गावातून गाडीने फिरायचं तर आखणी कशी करावी?

तळ्याकाठची

नमस्कार. गेल्या वर्षी बदली झाली आणि आम्ही डोंगरातल्या एका लहान गावात राहायला आलो. गाव तळ्याच्या काठावर आहे, उंची साधारण १९०० मीटर. घरात मी, आई (वय ७१) आणि दोन मुलं, १२ आणि ८ वर्षांची. गाडी मी एकटीच चालवते. सपाटीवर ११ वर्षं चालवली आहे, घाटाचा सराव इथे आल्यावरच सुरू झाला.

गावाला बाहेर पडायला दोनच रस्ते. दक्षिणेचा रस्ता ३४ किलोमीटरांत १३०० मीटर खाली उतरतो. उत्तरेचा आधी १९ किलोमीटर चढत २४०० मीटरवरच्या खिंडीत जातो आणि मग पलीकडच्या खोऱ्यात उतरतो. म्हणजे कुठेही जायचं तरी घाट चुकत नाही.

मागच्या रविवारी दक्षिणेकडे गेलो होतो. मोबाइलवरच्या नकाशाने जायला तीन तास आणि यायला तीन तास दाखवले. मधे चार तास हाताशी राहतील असा हिशेब करून नऊला निघालो. उतरताना धाकट्याला दोनदा उलटी झाली. पायथ्याशी पोचलो तेव्हा चाकांतून जळका वास येत होता आणि ब्रेकचा पेडल नेहमीपेक्षा खोल जात होता. तिथे अर्धा तास थांबलो, मग पेडल पूर्ववत झाला. परतताना पायथ्यालाच पावणेआठ वाजले. वरचा घाट पूर्ण अंधारात चढले, आणि शेवटच्या पाच किलोमीटरांत, तळ्याच्या कडेने, असं धुकं की रस्त्याची पांढरी कड तेवढी दिसत होती. आई मागे गप्प बसून होती. घरी आल्यावर म्हणाली, "पुढच्या वेळी मी येत नाही." मला ते फार लागलं. तिला आणि मुलांना हा सगळा परिसर दाखवायचा म्हणून तर मी गाडी घेतली.

विचारायचं आहे ते असं. एका दिवसात जाऊन यायला किती अंतर धरावं? खिंडीतून जाऊन दक्षिणेच्या रस्त्याने परत असा २१० किलोमीटरांचा फेरा होतो, तो कुठल्या दिशेने करावा? आणि दोन महिन्यांनी चार दिवसांची सुट्टी आहे, ती कशी आखावी?

जुना घाटकरी

ताई, मी २८ वर्षं प्रवासी गाडी चालवली, त्यातली १५ अशाच तळ्याच्या गावात राहून. तुमचा रविवार वाचला आणि आधी तेच सांगावंसं वाटलं जे समजायला मला बरीच वर्षं लागली. सपाटीवरचा माणूस डोंगरात फिरायला येतो तेव्हा घाट त्याला सकाळी लागतो, ताज्या डोळ्यांनी. डोंगरात राहणाऱ्याला घाट संध्याकाळी लागतो. दिवसभर गाडी हाकून थकल्यावर, उजेड गेल्यावर, मागे मुलं झोपलेली असताना सगळ्यात अवघड ३४ किलोमीटर समोर येतात. म्हणून आखणी घरापासून सुरू करायची नाही. ती परतीच्या पायथ्यापासून उलटी करायची.

पायथ्याला किती वाजता असलं पाहिजे ते आधी ठरवा. सूर्यास्ताची वेळ बघा आणि त्यातून दोन तास वजा करा. एक तास घाट चढायला. दुसरा का, तर पंचांगात दिलेला सूर्यास्त हा उघड्या क्षितिजाचा असतो. खोऱ्यात सूर्य डोंगराआड त्याच्या बराच आधी जातो, आणि पूर्वेकडे तोंड असलेल्या वळणांवर तर दुपारनंतर सावलीच असते. सूर्यास्त सहाला असेल तर चारला पायथा. आता चारपासून मागे या. ज्या ठिकाणी जायचं तिथून पायथा थांबे धरून दोन तास असेल, तर दोन वाजता तिथून उठायचं. दोन म्हणजे दोन. ही वेळ सकाळी निघतानाच सगळ्यांना सांगून टाका, मुलांनासुद्धा. त्या ठिकाणी पोचलेलो नसलो तरी दोन वाजता गाडी वळवायची. मी हे प्रवाशांना गाडीत बसण्याआधी सांगत असे, म्हणून वळवताना कधी वाद झाला नाही.

किलोमीटर विचारू नका, तास विचारा. घाटात मी सरासरी ताशी ३० धरतो, रस्ता अरुंद किंवा ओला असेल तर २०. नकाशा वेळ दाखवतो तेव्हा मुलांची उलटी, फोटो, समोरून येणाऱ्या ट्रकला वाट देणं, यातलं काही धरत नाही. एकट्या चालकाने दिवसाला पाच तासांहून जास्त चाक धरू नये, आणि त्या पाचांतले दोन तास तर तुमच्या घरचा घाटच खातो, उतरायचा एक आणि चढायचा एक. म्हणजे पायथ्यापासून पुढे दीड तास, तिथून परत दीड तास. तुमची रविवारची जागा त्याच्या पलीकडे होती, बाकी काही चुकलं नाही.

ब्रेकबद्दल मात्र नीट वाचा. माणसांसकट दीड टनाची गाडी १३०० मीटर खाली येते तेव्हा जवळपास सव्वापाच युनिट वीज होईल इतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. काही हवा खाते, काही टायर. उरलेली एकतर इंजिनाने झेलायची नाहीतर ब्रेकने. उतारभर पाय ब्रेकवर ठेवला की सगळी ब्रेकवर येते. आधी लायनर तापून वास येतो आणि पकड कमी होते. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळतं. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं नवं तेल किमान २३० अंशांपर्यंत टिकतं, पण ओल शोषलेल्या तेलाची मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो, आणि पेडल खोल जातो. तुमचा पेडल खोल जाऊन थंड झाल्यावर वर आला, म्हणजे तेल उकळायला लागलं होतं असंच मी धरेन. पुढचा घाट उतरण्याआधी तेल बदलून घ्या आणि लायनर उघडून बघायला सांगा. यानंतर दर दोन वर्षांनी तेल बदला, डोंगरात राहता म्हणून जरा आधीच.

उतरायची रीत अशी. जो चढ ज्या गिअरमध्ये चढाल, तोच उतार त्याच गिअरमध्ये उतरा. दुसरा किंवा तिसरा. इंजिनाचा आवाज वाढतो, त्याला घाबरू नका, पेट्रोलही त्यात जास्त जात नाही. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर ब्रेक एकदा नीट दाबायचा, वेग हवा तितका कमी करायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. वळणात ब्रेक नको, क्लच तर नकोच. न्यूट्रल करून गाडी सोडणारे मी खूप पाहिले, त्यांच्या गाडीत बसू नका. आणि परत कधी वास आलाच तर रुंद जागा बघून थांबा, गाडी रिव्हर्स गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा, तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका.

फेऱ्याचं विचारलंत. खिंड सकाळी, दक्षिणेचा चढ संध्याकाळी. खिंड तुमच्या गावापेक्षा ५०० मीटर उंच आहे. हवा दर १००० मीटरला साधारण साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे गावात ४ अंश असतील तेव्हा खिंडीत एकच. दुपारनंतर डोंगरमाथ्यावर ढग बांधले जातात, वीज-पाऊस बहुतेक वेळा तेव्हाच. सकाळी खिंडीशी जाऊन हवा वाईट दिसली तर १९ किलोमीटर मागे आलं की घर. तीच खिंड संध्याकाळी बंद मिळाली तर अख्खा फेरा उलटा मारावा लागतो. पण कडक थंडीत फार पहाटे निघू नका. सावलीतल्या वळणांवर आणि पुलांवर बर्फाचा पातळ थर असतो, तो डांबरासारखाच काळा दिसतो. पूल खालूनही गार होतो, म्हणून तो आधी गोठतो.

आणि पहिला फेरा एकट्याने किंवा मोठ्या कुणाबरोबर करून या. आईंना दुसऱ्या वेळी न्या.

नऊ वळणं

घाटकरी काकांनी सगळं सांगितलंच, मी फक्त उलटीचं लिहिते, माझ्या मुलीला सहा वर्षं गाडी लागत होती. कान सांगतो शरीर वळतंय, डोळे समोरच्या सीटची पाठ बघत असतात, ती हलत नाही, आणि दोघांचं जमलं नाही की पोटात ढवळतं. मोबाइल आणि पुस्तक घाटात पूर्ण बंद. मागच्या मधल्या जागेवर बसवा, पट्टा लावूनच, म्हणजे समोरचा रस्ता दिसतो. मी तिला पुढचं वळण डावं की उजवं ते ओरडून सांगायचं काम दिलं होतं. रस्त्यावर नजर राहते आणि वळणाआधी अंग तयार होतं. आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. तुम्ही ब्रेक धरून-सोडून उतरत होतात तेही कारण असेल. इंजिनाच्या जोरावर गाडी एकसारखी उतरते तेव्हा मुलांना कमी लागते.

बॅटरी आणि चढ

काका, तुमचं सव्वापाच युनिटांचं गणित वाचून फार बरं वाटलं, मीही उंचावर राहतो आणि माझी गाडी विजेची आहे. ताईंची पेट्रोलची दिसते, तरी पुढे कुणी वाचेल म्हणून लिहितो. डोंगरातल्या गावातून निघताना बॅटरी १०० टक्के भरू नका. पहिल्याच ३४ किलोमीटरांत उतार आहे. उतरताना मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरी भरते, आणि तेच तुमचं इंजिन ब्रेकिंग. बॅटरी आधीच भरलेली असेल तर ती वीज ठेवायला जागा नसते, गाडी तसा धरून ठेवणारा ओढा देत नाही आणि सगळा भार ब्रेकवर जातो. माझी बॅटरी ४० युनिटांची, मी ८५ टक्क्यांवर थांबतो. परतीला पायथ्याशी किती उरली पाहिजे तेही आधी ठरवतो, कारण चढाला नेहमीच्या खर्चावर सहाएक युनिट जास्त लागतात.

तळ्याकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तेल आजच बदलून घेतलं. जुनं काढलं तेव्हा चहासारखं काळपट होतं. गाडी घेऊन चार वर्षं झाली, एकदाही बदललं नव्हतं. हे वाचलं नसतं तर पुन्हा तसेच उतरलो असतो, तो विचार करून हात गार पडले.

दोन गोष्टी राहिल्या. तळ्यावरचं धुकं कधी येतं, ते आधी ओळखता येतं का? आणि टायरमधली हवा गावात भरावी की पायथ्याशी, उंचीने फरक पडतो म्हणतात.

जुना घाटकरी

टायरचं आधी, ते सोपं आहे. १३०० मीटर खाली आलात की बाहेरच्या हवेचा दाब वाढतो, म्हणून मापकावर टायर सुमारे २ पीएसआय कमी दाखवेल. पण खाली हवा आठ-नऊ अंश गरम असते, त्याने दीडएक पीएसआय वाढतो. जवळपास फिटतं. गावात सकाळी, गाडी हलवण्याआधी, टायर थंड असताना भरा आणि विसरून जा.

धुकं ओळखता येतं. थंडीच्या दिवसांत आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि दिवस उबदार गेलेला असेल तर रात्री तळ्यावर धुकं धरायची शक्यता मोठी. पाणी हळू गार होतं, जमीन आणि हवा लवकर, आणि डोंगरावरची गार जड हवा उतरून तळ्याच्या खोलगटात साचते. म्हणून खिंडीत चांदणं लख्ख असतं आणि घराशी येऊन काही दिसत नाही. वारा असेल त्या रात्री सहसा नसतं. सकाळी ऊन तळ्यावर आल्यानंतर तास-दोन तासांत उठतं, तेव्हा नऊच्या आसपास निघणं तुमच्यासाठी बरोबरच आहे, फक्त जागा जवळची निवडायची. धुक्यात मोठा झोत लावू नका, तो पांढरी भिंत होऊन परत डोळ्यांत येतो. खालचा झोत, डावी कड धरून, काच किंचित उघडी, म्हणजे समोरच्या गाडीचा आवाज येतो.

चार दिवसांच्या सुट्टीचं सांगायचं राहिलं होतं. पहिल्या दिवशी फक्त घाट उतरा आणि पायथ्यापासून दीड-दोन तासांवर मुक्काम करा. मधले दोन दिवस तिथूनच आजूबाजूला फिरा, रोज सामान बांधायचं नाही, आईंना ते सोसणार नाही. तिसऱ्या रात्रीचा मुक्काम पायथ्याच्या गावात घ्या. घरापासून ३४ किलोमीटरांवर राहायचं म्हणून माझे प्रवासी कुरकुरायचे, पण चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या उन्हात घाट चढताना दरी दिसते, रस्ता दिसतो, आणि वरच्या शेवटच्या वळणावरून अख्खं तळं एकदम समोर येतं. आईंना पुढच्या सीटवर बसवा. वर येताना ते वळण त्यांनी त्या रविवारी अंधारातच पार केलं.

तळ्याकाठची

आईला वाचून दाखवलं. पायथ्याला मुक्काम असेल तर येते म्हणाली. खोली बघायला घेतली आहे, तीन रात्रींपैकी तिसरी आधी.