‘कॉन्स्क्रिप्शन’: भरती, सक्ती की सोडत?

प्रश्न: ऑस्ट्रेलियाच्या लष्करी इतिहासावरचा एक लेख मराठीत आणते आहे. ‘कॉन्स्क्रिप्शन’ला ‘अनिवार्य सैन्यसेवा’ लिहिलं, पण कानाला खटकतं. ‘सैन्यभरती’ म्हणावं, तर पहाटे मैदानात धावणारी, भरती व्हावी म्हणून जिवाचं रान करणारी पोरं डोळ्यांसमोर येतात. आणि ‘बर्थडे बॅलट’चं काय करू?

उत्तर: ‘अनिवार्य’ नको. मराठीत ओढ अनिवार असते, आतून येते. सरकार करतं ती सक्ती. ‘सक्तीची लष्करभरती’ हा रुळलेला शब्द आहे, तोच घ्या. पण ऑस्ट्रेलियापुरतं तेवढ्यावर भागणार नाही. तिथला सगळा झगडा सक्ती कुठवर, यावरून झाला. १९०३च्या डिफेन्स ॲक्टने देशाच्या रक्षणापुरती सक्ती मान्य केली, परदेशी धाडण्याची नाही. १९११पासून शाळकरी मुलांनाही सक्तीचं लष्करी शिक्षण होतं. तरी पहिल्या महायुद्धात परदेशी लढायला गेलेले सगळे स्वखुशीने गेले. पंतप्रधान बिली ह्यूज यांनी परदेशी धाडण्याच्या सक्तीवर ऑक्टोबर १९१६मध्ये लोकांचा कौल घेतला: सुमारे १० लाख ८७ हजार बाजूने, ११ लाख ६० हजार विरुद्ध. डिसेंबर १९१७मध्ये पुन्हा विचारलं, पुन्हा ‘नाही’. ऐन युद्धात दोनदा! म्हणून ‘सक्ती’ लिहाल तिथे देशातली की परदेशी धाडण्याची, ते दर वेळी सांगा. नाहीतर वाचकाला त्या मतदानाचा अर्थच लागणार नाही.

आणखी एक उत्तर: ‘चॉको’ हा शब्द आला, तर भाषांतर करू नका. दुसऱ्या महायुद्धात मिलिशियातल्या, म्हणजे देशाच्या रक्षणापुरत्या ठेवलेल्या फौजेतल्या, पोरांना हे हिणवून म्हणत: चॉकलेटचे शिपाई, उन्हात वितळणारे. पापुआ तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातला प्रदेश, त्यामुळे त्यांना तिथे पाठवता येत होतं. १९४२मध्ये तिथल्याच कोकोडाच्या चिखलवाटेवर ३९वी बटालियन जपान्यांपुढे उभी राहिली, ती याच मिलिशियाची. आपल्याकडे ‘मेणाचे शिपाई’ म्हणता येईल, पण त्या पोरांनी अंगावर झेललेला शब्द तसाच राहू द्यावा असं मला वाटतं.

प्रश्न: आणि ‘नॅशनल सर्व्हिस’? ‘राष्ट्रीय सेवा’ चालेल?

उत्तर: अजिबात नको. ‘राष्ट्रीय सेवा’ म्हटलं की आपल्याला कॉलेजचं शिबिर, श्रमदान, गावात बांधलेला बंधारा आठवतो. तिथे वीस वर्षांच्या मुलाला दोन वर्षं सैन्यात काढावी लागत. ‘नॅशनल सर्व्हिस’ हे योजनेचं नाव म्हणून ठेवा, पुढे ‘सक्तीची लष्करी सेवा’ लिहा.

‘बॅलट’ म्हणजे इथे मतदान नव्हे, सोडत. म्हाडाची असते तशी. मार्च १९६५पासून लॉटरीच्या पिंपात आकडे घातलेल्या गोट्या टाकत. प्रत्येक आकडा म्हणजे एक जन्मतारीख. गोटी निघाली की त्या तारखेला जन्मलेल्या मुलांना बोलावणं. वय २०, आणि मताचा अधिकार तेव्हा २१व्या वर्षी! १९७२च्या डिसेंबरात नवे पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांच्या सरकारने हे थांबवलं, तोवर ६३,७३५ जण असे घेतले गेले. १५,३८१ व्हिएतनामला गेले, सुमारे २०० परतलेच नाहीत. म्हणून एक विनंती: ‘त्याचा नंबर लागला’ असं लिहू नका. नंबर लागला की आपण पेढे वाटतो.

प्रश्नकर्ती: पटलं. वाक्य बदललं आहे: ‘सोडतीत त्याची जन्मतारीख निघाली.’