नेम कशावर धरता? आगरातल्या घरगुती नेमबाजीचे अनुभव लिहा

गुहागरहून (धागा माझा)

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हा आमचं सगळं घर ओटीवर टीव्हीसमोर बसलं होतं. धाकटी म्हणाली, "बाबा, आपण पण करूया." दिवाळीनंतर एअर रायफल घेतली. ०.१७७ इंच व्यासाच्या छर्ऱ्याची, नळी बिजागरीवर वाकवून भरायची, २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची. त्यामुळे परवाना लागला नाही, ओळखपत्र दाखवून पावती घेतली.

मागे आगर, म्हणजे माड-पोफळींची बाग आहे. पोफळींच्या दोन रांगांमध्ये दहा मीटर सरळ वाट मिळाली आणि टोकाला चिऱ्यांचा गडगा. मला वाटलं, यापेक्षा चांगली भिंत कुठली? गडग्यालाच कागद चिकटवला. तिसरा छर्रा चिऱ्यावर आपटून परत आला आणि विहिरीजवळच्या बादलीवर ठण्णकन वाजला. धाकटी त्या बादलीपासून दोन हातांवर उभी होती. त्या दिवशी बंदूक माळ्यावर गेली ती महिनाभर खाली आली नाही.

मग आंब्याची लाकडी पेटी घेतली, जुने कपडे दाबून दाबून भरले, तोंडावर पुठ्ठा ठोकला, पाठीमागे रेतीनं भरलेली गोण उभी केली. आता गडगा त्या गोणीच्याही मागे आहे. चार महिन्यांनी पेटी उघडून बघितली, तर सगळे छर्रे चार-पाच इंचांच्या आत चिंध्यांत गुरफटलेले. गोणीपर्यंत एकही पोचला नव्हता.

पण कागदावर किती दिवस मारणार? मुलांना भोक दिसत नाही, आवाज येत नाही, ती कंटाळतात. तुम्ही घरातलं काय वापरता? लक्ष्य कुठे टांगता, मागे काय असतं, नंतर आवरता कसं, तेही लिहा.

दापोलीहून

मी निवृत्त शिक्षक. माझा अनुभव बंदुकीचा नाही, बेचकीचा. शाळेत दर मार्चला मुलांच्या खिशातून बेचक्या निघायच्या. पंधरा वर्षं मी त्या जप्त करत होतो. मग लक्षात आलं, की मुलं कैऱ्यांवर आणि पाखरांवर मारतात, कारण त्यांना मारायला दुसरं काही दिलेलंच नाही.

सुंभाची दोरी दोन माडांमध्ये बांधली आणि पत्र्याच्या डब्यांची झाकणं टांगली. मोठं पाच लिटर तेलाच्या डब्याचं, मग बिस्किटाच्या डब्याचं, शेवटी लहान डबीचं. दगड अजिबात नाही. शेतातली चिकणमाती मळून सुपारीएवढ्या गोळ्या वळायच्या, सावलीत दोन दिवस, मग उन्हात तीन दिवस. एकदम उन्हात ठेवल्या तर तडकतात. ही गोळी झाकणावर बसली की फुटून तिची माती होते, उसळून परत येत नाही. झाकणावर मातीचा गोल ठसा उठतो, म्हणजे कुठे लागलं यावर भांडण नाही. पहिला पाऊस पडला की ठसेही गेले आणि गोळ्याही जमिनीत गेल्या.

एक मात्र फार कळकळीनं सांगतो. बेचकीचं रबर दर वेळी ताणून, उजेडात धरून बघा. आपल्याकडच्या उन्हानं आणि दमटपणानं सायकलच्या ट्यूबला बारीक चिरा पडतात. माझं रबर पूर्ण ताणलेलं असताना तुटलं आणि भुवईवर बसलं. तीन टाके पडले. अर्ध्या इंचानं डोळा वाचला. तेव्हापासून चष्म्याशिवाय कोणालाही हात लावू देत नाही. वर्कशॉपमध्ये घालतात तो साधा प्लास्टिकचा गॉगल पुरतो.

अलिबागहून

बर्फ! आइस ट्रेमध्ये चार आमसुलं भिजवलेलं पाणी ओतायचं, प्रत्येक खणात सुतळीचा तुकडा सोडायचा. गोठलं की लालभडक खडे, दोरीसकट. टांगायचे आणि मारायचे. लागला की लाल चुरा उडतो, मुलं अक्षरशः नाचतात. आवरायला काही उरत नाही, फक्त सुतळ्या गोळा करायच्या. आपल्या हवेत पाच मिनिटांत वितळायला लागतात, म्हणून चार-चार बाहेर काढा आणि संध्याकाळी खेळा. साखर घालू नका. एकदा सरबतच गोठवलं, दुसऱ्या दिवशी अंगणभर मुंग्या.

पनवेलहून

कागदाला कंटाळवाणा म्हटलंत म्हणून लिहिते. माझी मुलगी क्लबात १० मीटर एअर रायफल मारते. आमच्या पनवेलमध्ये ऑलिम्पिक नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, त्यामुळे इथल्या बऱ्याच घरांत हा विषय जेवताना निघतो.

स्पर्धेच्या कागदावर काळा भाग साडेतीस मिलिमीटरचा असतो आणि मधला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. आता पाण्याच्या बाटलीचं झाकण घ्या. ते साधारण तीस मिलिमीटर भरतं. जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर झाकण ठेवून पेन्सिल फिरवा, आत काळा स्केचपेन भरा, मध्ये सुईनं भोक पाडा. झालं लक्ष्य. एका पानावर सहा बसतात. अंगणात पाचच मीटर मिळत असतील तर सगळं निम्मं करायचं, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढं. डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

छर्रे चपट्या तोंडाचे घ्या. ते कागदात पंचिंग मशीननं पाडल्यासारखं गोल भोक पाडतात. टोकदार छर्रा कागद फाडतो, मग नऊ गुण की आठ ते कळत नाही. मुलीनं सहावीत पाडलेली पानं मी तारीख घालून ठेवली आहेत. पहिल्या पानावर भोकं चारही कोपऱ्यांत आहेत. आठव्या महिन्याच्या पानावर पाच छर्ऱ्यांचं मिळून एकच भोक, चिंचोक्याएवढं. हे डब्यावर मारून कधी कळलं नसतं.

आणि स्प्रिंगची बंदूक घट्ट आवळून धरू नका. चाप ओढल्यावर आतला दट्ट्या धावतो तेव्हा ती आधी मागे आणि मग पुढे झटका देते. दर वेळी वेगळी आवळली की दर वेळी छर्रा वेगळीकडे. डाव्या तळव्यावर नुसती ठेवायची, जसं तान्ह्या बाळाचं डोकं ठेवतो.

वेंगुर्ल्याहून

माझे वडील जत्रांमध्ये फुगे फोडायचा ठेला लावायचे. कुणकेश्वर, आंगणेवाडी, मग गावोगावचे दहीकाले. थंडीत आम्ही घरी नसायचोच. रात्री दशावतार सुरू व्हायच्या आधीचे दोन तास आमचा धंदा.

फुगा ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आनंदाची गोष्ट आहे, यावर माझा ठाम विश्वास आहे. पण तो पुरता फुगवा. अर्धवट फुगवलेला फुगा छर्रा लागूनही नुसता दबतो, कारण रबर ताणलेलं नसतं. वडील प्रत्येक फुगा गालाला लावून बघायचे. टणक लागला तरच फळीवर. आणि घरी खेळताना रबराचे तुकडे मोजून उचला, गुरं आणि कोंबड्या ते गिळतात.

गुहागरकर, तुमच्या गडग्यासाठी एक सुचवतो. आमच्या फळीमागे दोन जाड गोधड्या टांगलेल्या असायच्या, एकीपुढे एक, मध्ये वीतभर अंतर. पहिलीवर छर्रा बसला की ती मागे झुलायची आणि त्याचा सगळा जोर खाऊन टाकायची. छर्रे खाली पडायचे, ताडपत्रीवर टपटप वाजायचे. रात्री ठेला उठवताना माझं काम ते वेचायचं होतं. ठेल्याच्या बंदुका कमजोर असतात, हे मात्र लक्षात ठेवा. तुमच्या बंदुकीला गोधडीमागे तुमची ती पेटी हवीच.

मालवणहून

माझं लिहिणं थोडं वेगळं आहे, पण इथंच लिहायला हवं.

आमच्या वाडीतल्या एका मुलाला वाढदिवसाला एअर गन मिळाली. आधी डबे, बाटल्या. पंधरा दिवसांनी आमच्या खळ्यात दयाळ पक्षी पडलेला सापडला. रोज पहाटे तुळशीसमोरच्या जांभळीवर गाणारा. हातात घेतला तेव्हा अजून गरम होता, छातीवर तांदळाच्या दाण्याएवढं रक्त. मुलगा समोर उभा राहून रडत होता. त्याला वाटलं नव्हतं लागेल. माझ्या सासूबाईंनी त्याला जवळ घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "पाखराक मारलंस तर माज्याकडे जेवूक येव नको." तो आमच्याकडे रोज जेवायचा.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे, हे आपण मोठ्यांनी आधी सांगायला हवं होतं. ते आम्ही नंतर सांगितलं. पण डबे संपले, की मुलाची नजर झाडावर जाते, हा माझा अनुभव आहे. म्हणून लक्ष्यं भरपूर हवीत आणि बदलती हवीत. आता मीच त्याला साठवून देते: दिवाळी आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या मातीच्या पणत्या, खडूचे तुकडे, कीड लागलेले पोह्याचे पापड. पापड कपड्यांच्या चिमट्यात उभा लावायचा, करकरीत वाळलेला असला तर मधोमध तडकून चारी बाजूंना उडतो. पणतीला सुतळीचा फास घालून टांगायची, छर्रा बसला की नुसती खापरी. खापऱ्या वेचून माडाच्या अळ्यात टाकते, पण छर्रे आधी निवडून.

शिंपले आणि काच मात्र नको. शिंपल्याची धार काचेसारखी असते आणि आपण सगळे अंगणात अनवाणी फिरतो.

राजापूरहून

करवंटीवर कोणीच लिहिलं नाही, याचं नवल वाटलं!

नारळाचा मऊ डोळा टोचून त्यातून काथ्याची दोरी ओवायची, आत गाठ. अर्धी करवंटी घंटेसारखी लटकते. बाहेरची फुगीर बाजू तुमच्याकडे हवी. खोलगट बाजू समोर आली तर छर्रा आतून फिरून तुमच्याकडेच येऊ शकतो. लागल्यावर करवंटी जी गरगर फिरते आणि तिचा जो टक् असा कोरडा आवाज येतो, तो मला डब्याच्या खणखणाटापेक्षा फार आवडतो. दुपारी कोणाची झोपही मोडत नाही. मी एका वाशावर पाच टांगतो, पहिली मोठ्या नारळाची, शेवटची अगदी लहान. वाऱ्यावर झुलायला लागल्या की खरा कस लागतो. करवंटी टोकाला पोचून क्षणभर थांबते, तेव्हाच चाप ओढायचा.

मागे माझा मातीचा बांध आहे, छातीएवढा. माड, आंबा, काजू यांच्या बुंध्याला काहीही टांगू नका. कलमाला छर्ऱ्याची जखम झाली की तिथून डिंक यायला लागतो.

आणि ही गोष्ट ठळक करून वाचा: छर्रे शिशाचे असतात. मारलेल्या करवंट्या न्हाणीच्या चुलीत घालू नका. आमच्याकडे सगळ्या करवंट्या चुलीतच जातात. मी वर्षभर त्याच घालत होतो, हातपाय शेकत धुरात बसत होतो. एका डॉक्टर मित्रानं बघितलं तेव्हा थांबवलं. कोंबड्याही छर्रे खडे समजून टिपतात. खाली ताडपत्री अंथरा, संपल्यावर झाडून डब्यात भरा आणि साबणानं हात धुऊनच चहाला बसा.

गुहागरहून

सगळ्यांचे मनापासून आभार. बर्फ आणि पापड दोन्ही झालं. धाकटीनं सहा खडे फोडले, मी चार. पनवेलकर ताईंच्या सांगण्यावरून बंदूक नुसती तळव्यावर ठेवली आणि पहिल्यांदा पाचपैकी चार छर्रे झाकणाच्या काळ्यात गेले. ते पान आता फ्रिजवर आहे.

एक अडचण. पावसाळ्यात गंज चढेल म्हणून नळीजवळच्या भोकातून शिलाई मशीनचं तेल सोडलं. पुढचे दहा-बारा बार फटाक्यासारखे वाजले, नळीतून निळसर धूर आला आणि छर्रे वीतभर वर गेले.

पनवेलहून

तेल आत गेलंय. दट्ट्या हवा दाबतो तेव्हा ती इतकी तापते, की तेल पेटतं. स्प्रिंग आणि सील दोन्ही खराब होतात. आत काही सोडू नका, बाहेरून तेलाचं फडकं फिरवा, खारी हवा आहे म्हणून दर वेळी. आणि रिकामी मारून वाळवायला जाऊ नका, छर्ऱ्याशिवाय दट्ट्या पुढे आपटतो. आवाज आणि धूर थांबत नसेल तर बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून उघडून पुसून घ्या.

गुहागरहून

उद्याच नेतो. तसंही सोमवारपासून आंब्याला गडी येतायत. पलीकडच्या कलमांवर माणसं घळ (आंबे काढायची जाळीची काठी) घेऊन चढलेली असताना या दिशेला बंदूक उचलायची नाही, असं घरात ठरलंय. जूनपर्यंत बंद. तोवर करवंट्या साठवतो आणि गोधड्या शिवून घेतो. वेंगुर्लेकर, गोधडी खालून बांधायची की सैल सोडायची?

वेंगुर्ल्याहून

सैलच सोडा. खालून बांधली की ताणते, आणि ताणलेल्या गोधडीवरून छर्रा उसळतो. वडील खालच्या काठाला फक्त एक ओलं पोतं जोडायचे, वाऱ्यानं उडू नये म्हणून.