कोरा रकाना सोडून शांत झोपणाऱ्यांसाठी

ठाणेकर_एडिसनला
'शिसपेन' यांनी परवा लिहिलं की 2024 ला त्यांनी न्यू जर्सीत मतपत्रिकेवरचे सगळे रकाने भरले, अगदी स्कूल बोर्डापर्यंत, पण राष्ट्राध्यक्षाचा तेवढा कोरा ठेवला. वर्ष उलटलं तरी म्हणे शांत झोप लागते, कारण "दोन नालायकांतला कमी नालायक निवडणं म्हणजे नालायकीवर सही करणं". तिथेच उत्तर लिहायला घेतलं, लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

शिसपेनराव, तुम्हाला झोप लागते कारण तुमच्या कपाटात अमेरिकेचा निळा पासपोर्ट आहे. माझा मेहुणा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. सर्वपित्रीला वडिलांचं पान टाकायला पुण्यात गेला होता. शनिवारी सकाळी उठतो तर कंपनीचा मेल: उद्याच्या आत अमेरिकेत परत या. तिकडे शुक्रवारी, 19 सप्टेंबर 2025 ला, ट्रम्पसाहेबांनी या व्हिसाच्या एक लाख डॉलरच्या फीवर सही केलेली. ती जुन्यांना लागू की नव्यांना, हे कंपनीच्या वकिलालाही ठाऊक नव्हतं. पान तसंच राहिलं, सासूबाई रडत बसल्या, हा विमानतळावर. तिकिटाचा आकडा लिहीत नाही, परत रक्तदाब वाढेल. फी फक्त नव्या अर्जांना, हा खुलासा आला तेव्हा हा हवेत होता.

हॅरिसबाई मला आवडत होत्या का? अजिबात नाही. एकही प्रायमरी, म्हणजे पक्षांतर्गत निवडणूक, न जिंकता उमेदवारी पदरात पडलेली बाई. बायडेननी जुलैच्या 21 तारखेपर्यंत उमेदवारी धरून ठेवली त्याचा राग वेगळाच. पण समोर कोण होतं? 34 गुन्ह्यांत ज्यूरीने दोषी ठरवलेला आणि 6 जानेवारी 2021 ला काय केलं ते सगळ्या जगाने पाहिलेला माणूस. दगडापेक्षा वीट मऊ, इतकाच हिशोब होता. तोही तुम्हाला जमला नाही.

शिसपेन
मेहुण्याबद्दल मनापासून वाईट वाटलं. पण माझ्या एका रकान्याने त्यांचं विमान कसं थांबलं असतं ते समजावून सांगा. राष्ट्राध्यक्ष निवडणारी न्यू जर्सीची 14 इलेक्टोरल मतं हॅरिसनाच गेली, जवळजवळ सहा टक्क्यांच्या फरकाने. मी नाचत जाऊन मत दिलं असतं तरी 14 ची 15 झाली नसती.

आणि वीट मऊ? ग्रीन कार्डाला देशागणिक सात टक्क्यांचा कोटा 1990 च्या कायद्यातला आहे. त्यानंतर क्लिंटन, ओबामा, बायडेन येऊन गेले. 2019 ला हाउसने, म्हणजे कनिष्ठ सभागृहाने, तो काढायचं विधेयक 365 विरुद्ध 65 ने मंजूर केलं, पुढे त्याचा कायदा झालाच नाही. 2021 आणि 22 मध्ये व्हाइट हाउस, हाउस, सिनेट तिन्ही विटांकडे, म्हणजे डेमोक्रॅट्सकडे, होतं. हलली का रांग? त्यांना पक्कं माहीत आहे की देसी लोक घाबरून आपल्यालाच मत देणार. मग ते कशाला हात-पाय हलवतील?

गाझाबद्दल तर मी लिहितच नाही, इथे लगेच सगळ्यांच्या अंगात येतं. मिशिगनमध्ये फेब्रुवारी 2024 च्या प्रायमरीत लाखभर लोकांनी त्याच्याच निषेधात 'अनकमिटेड'वर, म्हणजे 'कोणालाच बांधील नाही'वर, खूण केली होती. कोणी ऐकलं?

मावशी_मिशिगन
मिशिगनचं नाव काढलंत म्हणून आले. 2016 ला इथे ट्रम्प किती मतांनी आले? 10,704. ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइनना किती? एक्कावन्न हजारांवर. माझ्या शेजारणीने स्टाइनबाईंची पाटी अंगणात लावली होती, निकालानंतर आठवडाभर ती बर्फात तशीच. त्यानंतर सुप्रीम कोर्टात तीन न्यायाधीश नेमले गेले आणि 2022 ला गर्भपाताचा हक्क देणारा रो विरुद्ध वेड निकाल गेला. शेजारणीच्या मुली आहेत दोन. एवढंच म्हणते.

आणि ते 'आमचं राज्य सुरक्षित' मला नका सांगू. 2020 ला न्यू जर्सीत सोळा टक्क्यांचा फरक होता, चार वर्षांत सहावर आला. अजून दोन वेळा असेच शांत झोपा.

शिसपेन
मावशी, त्याच मिशिगनमध्ये लिबर्टेरियन जॉन्सनना 1,72,000 मतं होती. ती सगळी तुम्ही कोणाच्या खात्यात घालणार? फ्लोरिडातही तेच. 2000 ला बुश 537 मतांनी जिंकले आणि पंचवीस वर्षं लोक ग्रीन पार्टीच्या नेडरच्या 97 हजारांना शिव्या देतायत. बुशसमोरचे गोरसाहेब स्वतःचं राज्य टेनेसी हरले, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मत उमेदवाराने मिळवायचं असतं, मी ते कोणाचं देणं लागत नाही.

मावशी_मिशिगन
टेनेसीचं खरं आहे. बाकी तुमचं तुमच्यापाशी.

ग्रीनकार्डची_वाट
तुमचं चालू द्या. मी फक्त आठवण करून देतो की तुम्ही जो रकाना कोरा ठेवायचा की भरायचा म्हणून भांडताय, तो मला मिळालेलाच नाही. कर भरतो, सोशल सिक्युरिटी भरतो, मुलगी इथे जन्मली. 20 जानेवारी 2025 ला निघालेला जन्मसिद्ध नागरिकत्व काढणारा आदेश वाचला तेव्हा बायको सहा महिन्यांची गरोदर, दुसऱ्या खेपेची. कोर्टांनी रोखला, पण ते आठवडे कसे काढले ते आम्हालाच ठाऊक.

आणि भारतात मत द्यायचं तर नाव यादीत घालून प्रत्यक्ष गावी जाऊन द्या, टपालाची सोय नाही. गेलो तर व्हिसा स्टॅम्पिंगची तारीख मिळत नाही. मी दोन्हीकडून कोरा. शिसपेनदादा, तुमच्या निषेधाचं बिल आमच्या पत्त्यावर येतं, एवढं लक्षात असू द्या.

रेणापूरकर
अहो पण मूळ दुखणं हे आहे की तिकडे नोटाच नाही. फक्त नेवाडात आहे, 'यांपैकी कोणीही नाही'. फेब्रुवारी 2024 च्या रिपब्लिकन प्रायमरीत निकी हेलीबाई त्याच बटणाकडून दणकून हरल्या, ट्रम्प त्या यादीत नसताना. बाकी राज्यांनी काय पाप केलंय? नोटाची ताकद आमच्या लातूर ग्रामीणला विचारा. 2019, विधानसभा, नोटाला 27,500 मतं, दुसरा नंबर!

पेठेतला_नातू
आणि पहिल्या नंबरावर धीरज देशमुख, लाखाच्या वर मताधिक्याने. ताकद दिसली. सुप्रीम कोर्टाने 2013 ला नोटा दिला तो गुप्त मतदानाच्या हक्कापायी. विधानसभेत, लोकसभेत नोटाला एक सोडून सगळी मतं पडली तरी ते एक मत ज्याला, तो आमदार. स्थानिक संस्थांपुरता राज्य निवडणूक आयोगाने 2018 ला आदेश काढला की नोटा जिंकला तर फेरनिवडणूक. विधानसभेत नोटा म्हणजे बटण दाबल्याचं समाधान. तुमच्या नळाला त्याने पाणी आलं का? मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं ना?

रेणापूरकर
रेल्वे 2016 ला आली, नोटा 2019 ला. पेठेत कॅलेंडर मिळत नसेल तर पाठवून देतो. आणि आमच्या पाण्यावर बोलायचं नाही, सांगून ठेवतो. हंड्याच्या रांगेत माझी आई उभी राहिलीय, तुमची नाही.

त्या वर्षी काय झालं ते ऐका. युतीत जागा शिवसेनेला सुटली. इथला भाजपचा कार्यकर्ता पाच वर्षं राबलेला, त्याला उमेदवार पसंत नाही आणि काँग्रेसला मत द्यायला हात धजत नाही. गावागावांत निरोप फिरला. सेनेला साडेतेरा हजार, नोटाला दुप्पट. 2024 ला जागा भाजपने घेतली, रमेश कराड उभे राहिले आणि त्याच धीरज देशमुखांना साडेसहा हजारांनी पाडलं. आता सांगा नोटा वाया गेला का?

शिसपेन
धन्यवाद रेणापूरकर. हेच सांगतोय. नाकारलं की पुढच्या वेळी बरा माल येतो.

ठाणेकर_एडिसनला
तुम्ही नीट वाचलंत का ते? तिथे निरोप फिरला, गावं ठरली, आकडा मोजला गेला, निकालाच्या दिवशी वाहिन्यांवर झळकला. तुम्ही घरात एकटे बसून एक गोल रंगवायचा राहू दिलात आणि पाकीट टपालात टाकलंत. ते आळसाने कोरं राहिलं, विसरून राहिलं की गाझासाठी, हे मोजणाऱ्याला कळणार कसं? मिशिगनच्या लाखभर लोकांनी निदान मोजता येईल असं काहीतरी केलं, तेही प्रायमरीत, जिथे डोनाल्ड ट्रम्पचा फायदा होत नव्हता. तुमच्या कोऱ्या रकान्याची बातमी फक्त तुम्हाला माहीत होती, आणि ती तुम्ही इथे वर्षाने दिलीत.

पेठेतला_नातू
पाण्याचा उल्लेख मागे घेतो. तारीखही तुमचीच बरोबर. नोटाबद्दल मात्र मागे हटत नाही: कराड 2014 ला त्याच मतदारसंघात भाजपकडूनच उभे होते आणि पडले होते. तेव्हा 2024 चं श्रेय नोटाला देणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ.

रेणापूरकर
तुम्ही लातूरला या. चहा पाजतो आणि बूथवार आकडे दाखवतो.

निवृत्त_बँकवाला
लातूरहून जरा बाहेर येऊ का? पेरू देश, 2011. राष्ट्राध्यक्ष म्हणून उमाला की केको फुजिमोरी, अशी पाळी आली. नोबेलवाले लेखक व्हार्गास योसा पहिल्या फेरीआधीच म्हणाले होते की ही निवड कर्करोग आणि एड्स यांतली आहे. मग उमालांना पाठिंबा दिला, ते निवडून आले, आणि 2025 ला मनी लाँडरिंगमध्ये पंधरा वर्षांची शिक्षा झाली. 2021 ला त्याच योसांनी समोरच्या कास्तियोंना रोखायला त्याच केकोबाईंना मत द्या सांगितलं. कास्तियो 44 हजारांनी जिंकले, दीड वर्षात संसद विसर्जित करायला निघाले आणि त्याच दिवशी अटक. आता मऊ वीट कोणती होती सांगा. मला गेली चार वर्षं ठरवता आलेलं नाही.

मतपत्रिकेवर पहिली, दुसरी असा पसंतीक्रम द्या म्हणजे सुटेल. अमेरिकेत मेन राज्यात आहे. आपल्या राष्ट्रपतिपदालाही आहे, 1969 ला गिरी दुसऱ्या पसंतीवरच निवडून आले.

मावशी_मिशिगन
काका, ते आमदार-खासदारांचं मतदान. आम्हाला कोण विचारतंय पसंतीक्रम? आहे त्या कागदावर काय करायचं ते सांगा.

शिसपेन
असो. ठाणेकर, मोजणीचा मुद्दा कुजकट आहे पण चुकीचा नाही. 4 नोव्हेंबर 2025 ला गव्हर्नरच्या निवडणुकीत एक रकाना भरलाय, नाक दाबून. कोणाचा ते विचारू नका. अभिनंदनही नको. 2024 बद्दल माझं मत तेच आहे, आणि झोपही.

ग्रीनकार्डची_वाट
मेहुण्यांचं पुढे काय झालं ते कोणीच विचारलं नाही.

ठाणेकर_एडिसनला
उतरला, अधिकाऱ्याने काहीही न विचारता शिक्का मारला. आता सासूबाई तिथीला पुण्यात या म्हणतायत, आणि तो म्हणतो वकिलाला विचारून सांगतो.

रेणापूरकर
बूथवार आकडे टंकतोय, नातू, पळून जाऊ नका.