'विकर' शिकवायचं की 'एन्झाइम'?

मालवणी_मास्तर
दहावीपर्यंत मराठी माध्यमातली पोरं विकर (शरीरातल्या रासायनिक क्रिया वेगाने घडवणारं प्रथिन), संप्रेरक, तंतुकणिका घोकतात. अकरावी सायन्सला कणकवली-सावंतवाडीत गेली की त्यांचीच इंग्रजी नावं एन्झाइम, हार्मोन, मायटोकॉन्ड्रिया ऐकून गप्प. उत्तर येत असतं, प्रश्न कळत नाही! शेजारी गोव्यावर साडेचारशे वर्षं बसलेल्या पोर्तुगीजांचं बघा. इंग्रजीतलं एन्झाइम त्यांच्याकडे 'एंझीमा', प्रोटीन 'प्रोतेईना'. अर्थ तोच, पोरगं लिस्बनहून लंडनला गेलं तरी अडत नाही. पगार, चावी, साबण त्यांच्याकडून घेताना आपण लाजलो नाही, मग एन्झाइमला कसली लाज?

वेंगुर्ल्याची_माय
मास्तरानू, तुलनाच चुकली. एन्झाइम हा शब्द १८७० च्या दशकात विल्हेल्म क्यून या जर्मन शास्त्रज्ञाने ग्रीकवरून पाडला, 'यीस्टमधलं' अशा अर्थाने. पोर्तुगीजला ग्रीक-लॅटिन शब्द म्हणजे घरचेच पाहुणे. आमच्या पोरांना एन्झाइम हा नुसता आवाज.

मालवणी_मास्तर
आणि विकर ऐकून काय उजेड पडतो? निम्मी पोरं 'विकार' समजतात. मी वर्गात मटणाचं उदाहरण देतो. कच्च्या पपईचा कीस चोळून ठेवला की मटण मऊ पडतं, कारण तिच्यातलं पपेन हे एन्झाइम प्रथिनांचे तुकडे करतं. कीस आधी खळखळून उकळलात तर गुण गेला, उष्णतेने पपेनच्या रेणूची घडी मोडते. एवढं कळलं की पोरं नावाला अडत नाहीत.

वेंगुर्ल्याची_माय
नावाला अडत नाहीत ना? मग विकरच राहू दे की!

दर्यावर्दी
पोर्तुगीजांचंही सगळं आलबेल नाही हो. डीएनएला पोर्तुगालात 'एडीएन' म्हणतात, कारण डीएनएमधला 'ए' म्हणजे ॲसिड, आणि त्यांच्या भाषेत 'आम्ल' हा शब्द आधी येतो. ब्राझीलची भाषा तीच, पण तिथे सर्रास डीएनए. म्हणून कुठलं पोर मागे पडलंय?
माझं मत, आठवीपासून दोन्ही शब्द शिकवा. 'नीट' या मेडिकल प्रवेश परीक्षेच्या मराठी पेपरात शेजारी इंग्रजी छापलेलं असतं आणि भाषांतरात घोळ झाला तर इंग्रजीच ग्राह्य धरतात. पुढे एन्झाइम टळत नाही.

मालवणी_मास्तर
दोन्ही म्हणजे घोकंपट्टी दुप्पट. शिकवणार आम्ही, सल्ले तुमचे.

वेंगुर्ल्याची_माय
दर्यावर्दींचं अर्धं पटलं. पण विकर आधी, एन्झाइम मागाहून. उलट क्रम लावलात तर विकर पुस्तकातून जायला दोन वर्षंही लागायची नाहीत.