संशोधनासाठी टक्कल करायचंय, पण आजेसासूबाई नको म्हणतात

रामबागकर, इंदूर:
माझा भाचा सात वर्षांचा आहे. त्याला ए.एल.एल. म्हणजे रक्ताचा कर्करोग झालाय. केमोच्या तिसऱ्या आठवड्यात उशीवर केसांचे पुंजके दिसले आणि त्यानं मला विचारलं, "मावशी, तुझे पण जाणार?" तेव्हाच मी ठरवलं. २००० साली न्यूयॉर्कमध्ये तिघा विमावाल्यांनी असं टक्कल करून १७,००० डॉलर जमवायचे ठरवले होते; लाखाच्या वर जमले. त्यातूनच मुलांच्या कर्करोगावरच्या संशोधनाला पैसे देणारं सेंट बाल्ड्रिक्स फाउंडेशन उभं राहिलं. मीही १५ फेब्रुवारीला, आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिनी, ओळखीच्यांकडून पैसे जमवून टक्कल करणार आहे.

पण आमच्या आजेसासूबाई जेवल्या नाहीत. त्यांच्या आत्याबाई बालविधवा. दर महिन्याला न्हावी मागच्या दारानं यायचा, आणि लहानग्या आजी दाराआड उभं राहून ते बघायच्या. "सवाष्णीनं डोकं भादरायचं नसतं," एवढंच बोलतात. त्यांना दुखवायचं नाहीये. कसं समजावू?

वडोदऱ्याची आई:
आधी भाच्याला विचारा. माझ्या लेकीच्या बाबांनी न विचारता टक्कल केलं, तर ती चिडली, "आता सगळे आपल्याकडेच बघतात!" आणि भाच्याच्या डोक्याला वस्तरा लावू देऊ नका. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी असतात, बारीक कापलं तरी रक्त थांबत नाही, जंतुसंसर्ग होतो. मशीनच बरं.

लॅबवाला:
संशोधनाला म्हणताय हे फार चांगलं. १९४७ च्या सुमारास बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी अशा मुलांना अमिनोप्टेरिन दिलं, तोवर या आजारावर धड औषधच नव्हतं. ते औषध बनवणाऱ्या चमूचे प्रमुख आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव. तुमच्या भाच्याला बहुधा व्हिन्क्रिस्टिन लागत असेल, ते सदाफुलीतून आलं. आज श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, गरीब देशांत ३० टक्केही नाहीत. म्हणून पैसे संशोधनाला की उपचाराला, ते संस्थेकडून लेखी घ्या. देणाऱ्यांनी थेट संस्थेच्या खात्यात भरावे, तुमच्या नको. रोख २,००० च्या वर दिले तर देणगीवरची प्राप्तिकराची सूट मिळत नाही.

रामबागकर:
भाचा हो म्हणाला, फक्त मशीन त्याला धरायचंय.

आजींना काल मी त्याचा टोपी घातलेला फोटो दाखवला. खूप वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "आत्याला कुणी विचारलं नव्हतं गं. रात्री गार लागायचं तिला डोक्याला." आज सकाळी कपाटातून सुती ओढणी काढून दिली, आणि पेन्शनमधले अकराशे रुपये. पावती त्यांच्या नावाची हवी आहे.