मेअर ऑफ ईस्टटाऊन : शेवट पटला का तुम्हाला? (बघायची राहिली असेल तर पुढे वाचू नका, खुनी कोण ते सगळं आहे)

सांजवारा
शेवटी एकदाची बघून संपवली, सात भाग, दोन रात्री, आणि आता इतकी चिडचिड होतेय की कोणाशी तरी बोलल्याशिवाय चैन पडणार नाही. ज्यांनी २०२१ मध्येच बघितलीय आणि आता विसरलेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बाहेरचं लहानसं गाव, जो तो एकमेकांच्या नात्यातला नाहीतर शाळेतला, आणि मेअर शीहान म्हणजे केट विन्स्लेट तिथली डिटेक्टिव्ह. वर्षभरापूर्वी केटी नावाची मुलगी हरवलीय, ती सापडत नाहीये, आणि आता एरिन नावाची कोवळी पोर, पदरात तान्हं मूल, ती ओढ्यात मेलेली सापडते.

आता माझं म्हणणं. सहा भाग आपल्याला कुठे कुठे फिरवलं बघा. आधी एरिनचा बॉयफ्रेंड, मग चर्चमधला तो डीकन (तिची सायकल नदीत टाकतो!), मग खुद्द मेअरचा आधीचा नवरा, मग बिली, मग त्याचा भाऊ जॉन. प्रत्येकावर संशय यावा म्हणून त्याच्या खिशात काहीतरी ठेवलेलंच आहे. आणि शेवटी खरं उत्तर कसं मिळतं? एक म्हातारे गृहस्थ सहज बोलता बोलता सांगतात की माझ्या शेडमधलं रिव्हॉल्व्हर गायब झालं होतं आणि परत जागेवर आलं. संपलं. खुनी निघतो तेरा वर्षांचा रायन, मेअरच्या जिवाभावाच्या मैत्रिणीचा, लोरीचा आणि जॉनचा मुलगा. याला तपास कसं म्हणायचं? म्हातारबाबांनी त्या दिवशी तोंड उघडलं नसतं तर केस बंद झाली होती, जॉन तुरुंगात गेलाच होता. मला फसवल्यासारखं वाटलं, खरंच.

मोगरा
सांजवारा, मला तुझं अजिबात पटलं नाही. पहिल्या भागाची सुरुवात आठव. सकाळी सकाळी मेअरला फोन येतो आणि ती जाते कुठे, तर याच कॅरोल आजी-आजोबांच्या घरी! आजी कोणीतरी डोकावत होतं म्हणून तक्रार करतायत आणि मेअर वैतागून विचारते की स्टेशनला फोन का नाही करत. म्हणजे मालिका ज्या घरातून सुरू होते त्याच घरातून उत्तर येतं. योगायोग काय त्यात? गावातली माणसं स्टेशनला न सांगता मेअरलाच सांगतात, तिचं पोलीसपण असंच चालतं, लोकांच्या ओट्यावर बसून. आपल्याकडे गावच्या पोलीस पाटलाला जशी निम्मी बातमी चहा पिता पिता कळते ना, तसंच.

आणि रायनबद्दल म्हणशील तर तो शाळेच्या कँटीनमधला प्रसंग विसरलीस का, बहिणीला चिडवणाऱ्या मुलाला तो थांबतच नाही इतका मारतो ते. मी तेव्हाच नवऱ्याला म्हटलं होतं की हे पोरगं आतून काहीतरी दाबून बसलंय. खुनी असेल असं नव्हतं वाटलं, ते मान्य.

रातकिडा
शेवटाचं सोडा, माझी मालिका पाचव्या भागातच संपली. मेअरच्या जोडीला आलेल्या डिटेक्टिव्ह झेबेलला मारलं!! काय गरज होती? इव्हान पीटर्सने काय सुंदर उभा केलाय तो माणूस, आईबरोबर राहणारा, जरासा बावळट, जिच्यामुळे त्याचं नाव झालं ती केस खरं तर आपण सोडवलीच नव्हती हे मेअरला सांगून टाकणारा. आणि तो असा एका क्षणात जातो, काही बोलायलाही मिळत नाही. मी टीव्ही बंद करून गच्चीत जाऊन बसलो होतो. शिवाय दोघं पोलीस संशयिताच्या घरात मदत न मागवता जातात, त्यातली एक निलंबित, तिच्याकडे पिस्तूलच नाही. हे मला झेपलंच नाही.

मोगरा
पण तो प्रसंग तसाच व्हायला हवा होता असं मला वाटतं. ते चौकशीला म्हणून गेलेले असतात, अशा कितीतरी चौकश्या आधी झालेल्या, आणि मग वरून पाइपावर ठोकल्याचा आवाज येतो, हरवलेल्या मुली वर कोंडलेल्या आहेत, आणि तो माणूस, मेअर, झेबेल तिघांनाही एकाच वेळी कळतं की सगळ्यांना कळलंय. ते तीन-चार सेकंद. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. त्यात झेबेल जरासा कचरतो, बस. अशा कामात माणूस असाच जात असेल, भाषण करून थोडाच जाईल.

फौजदाराची लेक
रातकिडा बरोबर बोलतोय पण त्याहून मोठी गोष्ट कोणी काढलीच नाही म्हणून लिहितेय. माझे वडील फौजदार म्हणून निवृत्त झाले, आम्ही लहानपणापासून मुद्देमाल, पंचनामा हे शब्द जेवताना ऐकलेत. मेअर काय करते? नातवाचा ताबा सुनेकडे जाऊ नये म्हणून पोलीस स्टेशनच्या मुद्देमालाच्या खोलीतून हेरॉइनच्या पुड्या उचलते आणि सुनेच्या गाडीत ठेवते. त्या पोरीने व्यसन सोडलंय, धडपडतेय, आपलं पोर परत मागतेय, आणि तिला तुरुंगात घालायचा डाव खुद्द तिची सासू रचते. साहेबांना कळतं, ते मेअरला घरी बसवतात, समुपदेशनाला पाठवतात आणि प्रकरण तिथेच मिटतं. गुन्हा दाखल नाही, काही नाही. नंतर ती हिरो होते आणि बिल्ला परत.

वडील सांगायचे, मुद्देमालाच्या रजिस्टरमध्ये एक सही चुकली तरी कोर्टात वकील अख्खी केस फाडतो. आणि इथे ते सगळं "बिचारी दुःखात आहे" म्हणून सोडून द्यायचं? मला मालिका आवडली, केट विन्स्लेटने जीव ओतलाय, पण लिहिणाऱ्याने इथे मेअरला स्वस्तात सोडलं हे मी कोणासमोरही म्हणेन.

सांजवारा
हे मी लिहायलाच हवं होतं, राहून गेलं. शंभर टक्के.

तिखटमीठ
मी चार भागांच्या पुढे गेलेच नाही आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही. किती तो अंधार! मेअरचा मुलगा आत्महत्या करून गेलेला, केटीच्या आईला कॅन्सर, कोणाचा भाऊ व्यसनी, आभाळ कायम करडं, घरात दिवा लावत नाहीत काय ही माणसं? दिवसभर काम करून रात्री नऊला बसायचं आणि हे बघायचं? रहस्य बघायला माझी ना नाही पण रहस्यात थोडी मजा हवी, कोडं सोडवल्याची. इथे कोडं बाजूलाच आणि रडगाणं पुढे. "डार्क" म्हटलं की भारी, असं एक आलंय आजकाल, ते मला मान्य नाही.

पारिजात
तिखटमीठ, तुमचं म्हणणं कळतं पण मला उत्तर द्यावंसं वाटलं, मोठं होईल, सांभाळून घ्या. ही मालिका आपल्याकडे हॉटस्टारवर यायची, दर सोमवारी एक भाग, १९ एप्रिल ते ३१ मे २०२१. तारखा बघा. महाराष्ट्रात तेव्हा काय चाललं होतं आठवतं ना. माझी आई त्याच एप्रिलमध्ये गेली. पंधरा दिवसांनी मी आणि माझा भाऊ, दोघंच घरात, बाहेर कडक निर्बंध, कोणी भेटायला येऊ शकत नाही, आणि त्याने हे लावलं कारण बाकी सगळ्यात लोक हसत होते आणि ते सहन होत नव्हतं.

मेअर त्या माळ्यावर जात नाही ना, जिथे तिचा मुलगा गेला. सात भाग ती त्या शिडीकडे बघत नाही. आमच्याकडे आईने मार्चमध्ये केलेल्या कुरडयांचा डबा होता, तिच्या खोलीत, कपाटावर. भावाने आणि मी तो डबा दिवाळीपर्यंत उघडला नाही, खाली पण काढला नाही, आणि एकमेकांशी त्याबद्दल बोललोही नाही. शेवटच्या दृश्यात ती शिडी खाली ओढते आणि वर चढते, वर काय आहे ते दाखवतच नाहीत, तेव्हा भाऊ उठून आत गेला. डबा तेव्हा काही काढला नाही आम्ही. पण मला त्या मालिकेने पहिल्यांदा असं वाटलं की आपलं काही बिघडलेलं नाही, माणसं असंच करतात. म्हणून मला कोणी "रडगाणं" म्हटलं की लागतं.

आणि मजा नाही असं कसं म्हणता, मेअरची आई! गोठवलेल्या भाज्यांच्या पिशवीत आइस्क्रीम लपवून ठेवणारी हेलन! जीन स्मार्टने एवढ्याशा जागेत काय केलंय. दुःखाच्या घरात असंच असतं, कोणीतरी आइस्क्रीमवरून भांडत असतंच.

तिखटमीठ
पारिजात, मनापासून सॉरी. तो शब्द मी मालिकेसाठी वापरला होता पण वाचणाऱ्याला कुठे लागेल याचा विचार करायला हवा होता. माझं मत तेच आहे, मला अशा गोष्टी बघवत नाहीत, कदाचित त्याच दिवसांमुळे बघवत नसतील. आमच्याही घरात काका गेले तेव्हा.

डेलावेअरचा वाटसरू
मी अकरा वर्षं फिलाडेल्फियाच्या बाहेरच्या डेलावेअर काउंटीत राहतोय, इथले लोक "डेल्को" म्हणतात, म्हणजे मालिकेतली भाषा आणि माणसं जिथली आहेत तिथेच. एक दुरुस्ती, ईस्टटाऊन नावाचं ठिकाण खरंच आहे पण ते शेजारच्या चेस्टर काउंटीत, आणि बऱ्यापैकी सधन आहे. मालिका लिहिणारा ब्रॅड इंगल्सबी त्याच भागातल्या बर्विनचा. त्याने नाव तिथलं घेतलं आणि गाव डेल्कोच्या कामगार वस्तीचं रंगवलं.

बोलीवरून तेव्हा इथे घरोघरी चर्चा होती. इथे पाण्याला "वॉटर" कोणी म्हणत नाही, "वुडर" म्हणतात, आणि विन्स्लेटबाई इंग्लंडच्या असून ते "ओ" इतके तंतोतंत काढतात की माझ्या ऑफिसमधली बाई म्हणाली ही तर माझी मावशी. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या नटाने मालवणी बोलायची ठरवली की काय होतं ते आपण बघतोच, त्यामुळे मला हे फार मोठं वाटतं. मेअर वावा नावाच्या इथल्या दुकानातून घेतलेलं सँडविच गाडीत बसून खाते तसं इथे निम्मं गाव खातं. मालिकेत विन्स्लेटबाईंच्या पोटाची चरबी दिसणाऱ्या दृश्यात दिग्दर्शक ते कापू म्हणाला तर तिने नाही म्हणून सांगितलं होतं, तेव्हा हे छापून आलं होतं.

आणि तिखटमीठ, अंधाराबद्दल. आमच्या मुलाच्या शाळेत पालकांना एकदा बोलावून ओव्हरडोस झालेल्या माणसाच्या नाकात औषधाचा फवारा कसा मारायचा ते दाखवलं. नववीच्या मुलांचे पालक आम्ही, शांतपणे डब्बी हातात घेऊन बघत होतो. मेअरचा मुलगा, तिची सून, तो व्यसनी भाऊ, ही लेखकाने भीती वाढवायला घातलेली पात्रं नाहीत, इथल्या प्रत्येक गल्लीत एक घर तसं आहे. मला तर वाटलं त्याने थोडं कमीच दाखवलं.

फौजदाराची लेक
वाटसरू, हे वाचून उलट माझा मुद्दा पक्का झाला. सून अशा घराघरातली असेल तर तिच्या गाडीत पुड्या ठेवणं किती भयंकर आहे.

डेलावेअरचा वाटसरू
ताई, ते मला मान्यच आहे. फक्त मला असं वाटतं की लेखकाला ते भयंकर आहे हे माहीत आहे. पुढे तीच सून आंघोळीच्या टबमध्ये मुलाला घेऊन बसलेली असताना झोपी जाते, घाबरते आणि स्वतःहून म्हणते की मला परत उपचाराला जायला हवं, मूल तुमच्याकडे राहू दे. म्हणजे मेअरला चोरी करून जे हवं होतं ते न मागता मिळतं, आणि तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही दिसत नाही.

फौजदाराची लेक
चेहऱ्यावर दिसलं नाही हे खरं. पण ही सोयही लेखकाचीच ना. सून धडधाकट राहिली असती आणि मूल घेऊन गेली असती तर मेअरला आपल्या कृत्याकडे बघावं लागलं असतं. सून परत घसरली म्हणजे मेअरचा संशय खरा ठरला, तिचं पाप झाकलं गेलं. मला हे खूप लागलं, शेवटापेक्षा जास्त.

रातकिडा
कोणीतरी गाय पिअर्सबद्दल पण बोला, एवढा मोठा नट, एक पुस्तक लिहिलेला प्राध्यापक म्हणून गावात येतो, मेअरला जेवायला नेतो आणि जातो. मी शेवटपर्यंत वाट बघत होतो की हाच असणार.

मोगरा
सगळेच वाट बघत होते, म्हणूनच त्याला घेतला असेल! पण मला तो आवडला, मेअरला कोणीतरी तिच्या मुलाबद्दल, केसबद्दल काही न विचारता नुसतं भेटायला हवं होतं.

सांजवारा, तुझ्यासाठी अजून एक. रायन रडतो आणि लोरी त्याच्याशी बोलते तो प्रसंग पुन्हा लावून बघ. आणि मग शेवटचा, लोरीच्या स्वयंपाकघरातला.

सांजवारा
आत्ता बघितले दोन्ही. बरं झालं सांगितलंस. पहिल्यात मला वाटलं होतं की मुलाने आईला बापाच्या लफड्याबद्दल सांगितलं. तसं नाहीचये. प्रश्न सगळे लोरीच विचारते, बाबांचं काही आहे का, परत तेच का, आणि पोर रडतंय. उत्तर तिनेच त्याच्या तोंडात घातलं आणि आपण सगळे तिच्याबरोबर तिकडे गेलो. त्याच्या पोटात दुसरंच काही होतं हे तिला तेव्हा दिसलं नाही. जिने मुलाला जन्म दिला तिला दिसलं नाही तर मला कुठून दिसणार, हे मान्य करते. हे फसवणं नाहीये.

आणि स्वयंपाकघर. मेअर येते, दोघी बराच वेळ काही बोलत नाहीत, आणि मग लोरी कोसळते, तिला धरून मेअर तशीच फरशीवर बसते. लोरी झालेल्या ज्युलियन निकल्सनला एमी पुरस्कार मिळाला ते या एका दृश्यासाठी असेल तरी मला चालेल. जिने तिच्या मुलाला पकडून दिलं तिच्याच गळ्यात पडून रडायचं. दुसरं आहे कोण तिला?

पण म्हाताऱ्यांचं रिव्हॉल्व्हर मला अजूनही पचलेलं नाही, ते मी सोडणार नाही. शेडची चावी पोराकडे असते कारण तो लॉन कापायला येतो, हे एकदा, फक्त एकदा, तिसऱ्या-चौथ्या भागात ओझरतं तरी ठळक दाखवा ना. मग मी गप्प बसले असते.

मोगरा
थांब, मी पहिल्यापासून परत लावतेय. कुठेतरी तो मशीन ढकलताना दिसतो असं मला पक्कं वाटतंय. भाग आणि मिनिट घेऊनच येते.