अर्बन लेजंडला मराठीत काय म्हणायचं? आवई, कंडी, दंतकथा की अजून काही?

नाचणी:
परवा चुलतबहिणीच्या मुलीचं बारसं होतं, जेवणं उरकली, सगळे सतरंजीवर लवंडले आणि मामाने नेहमीप्रमाणे सुरू केलं. थिएटरमधे एक मुलगी खुर्चीत बसली, खालून काहीतरी टोचलं, बघते तर सुई, आणि सुईला चिठ्ठी अडकवलेली, 'वेलकम टू एड्स क्लब'. कुठे झालं तर आपल्या साताऱ्यात. मी म्हटलं मामा, हीच गोष्ट मी २००२ साली नागपूरला हॉस्टेलवर ऐकलीये, तेव्हा ती सीताबर्डीच्या थिएटरात झाली होती आणि चिठ्ठीतलं इंग्रजीसुद्धा हेच होतं. मामा म्हणाला, "नागपूरचं मला माहीत नाही गं, हे माझ्या साडूच्या ऑफिसातल्या माणसाच्या पोरीबरोबर झालंय." झालं, सगळ्या मावश्या 'अगं बाई' आणि मी गप्प.

तर प्रश्न असा की या प्रकाराला मराठीत नेमका शब्द काय? अफवा म्हणावं तर अफवा आठवड्याभरात विझते, ही वीस वर्षं धडधाकट आहे. दंतकथा म्हटलं की मला राजेरजवाडे आठवतात. पेपरात कुठेतरी 'नागरी दंतकथा' वाचलंय पण ते काही जिभेवर बसत नाही.

ढब्बू:
नागरी म्हटलं की मला नागरी सहकारी पतसंस्था दिसते. नागरी पुरवठा, नागरी सुविधा, नागरी दंतकथा. रेशनच्या रांगेत उभं राहून घ्यायची कथा.

खारेदाणे:
'शहरी' पण नको. घाटात रात्री गाडी थांबवणारी पांढऱ्या साडीतली बाई यात धरायची की नाही? कशेडी म्हणा, कसारा म्हणा, खंबाटकी म्हणा, प्रत्येक घाटाची आपली एक बाई आहे आणि ती मागच्या सीटवर बसते आणि वळण संपलं की नसते. तिथे शहर कुठाय, चहाची टपरी पण पाच किलोमीटरवर. ही अशीच बाई अमेरिकेतल्या हायवेंवर पण लिफ्ट मागते, तिच्यावर लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी भरपूर लिहिलंय. फक्त तिथे ती साडी नेसत नाही.

उंबरठा:
जरा शब्द सुटे करून बघू. 'अफवा' अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला, तिकडे मुळात तो 'तोंड' या शब्दाचं अनेकवचन आहे, म्हणजे अफवा म्हणजे नुसती 'तोंडं'. संस्कृतातली 'किंवदंती' म्हणजे किम् वदन्ति, लोक काय बोलतात. आणि दंतकथेत दात आहेतच. तीन शब्द, तिन्हींचा मुक्काम तोंडात. डोळ्याने पाहिलेल्याशी एकाचंही नातं नाही! शब्द बनवणाऱ्यांनी आधीच सावध केलं होतं, आपण ऐकलं नाही.

'दंतकथा' मी जुन्या, एखाद्या जागेला किंवा माणसाला चिकटलेल्या गोष्टीसाठी ठेवीन. शनिवारवाड्यात अमावास्येला 'काका, मला वाचवा' ऐकू येतं ही दंतकथा. नारायणरावाचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला झाला हा इतिहास, किंकाळी नंतरची. आनंदीबाईने 'धरावे'चं 'मारावे' केलं ही गोष्ट तर इतकी मुरली की 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचारच झाला, आता ती खरी का खोटी याने भाषेला काही फरक पडत नाही. पण साताऱ्याची सुई अशी एका जागेला चिकटत नाही. ती फिरतीवर असते. बदलीची नोकरी.

आडवाटा:
आरवलीच्या वेतोबाला चपला वाहतात, तो रात्री गावात फिरतो म्हणून त्या झिजतात असं आम्ही लहानपणापासून ऐकतो, ते कोणत्या खात्यात? मला तरी ते अर्बन लेजंड म्हटलेलं रुचत नाही. तिथे कुणी कुणाला पटवून द्यायला बसलेलं नसतं, आजी सांगते आणि पुढे भाजी निवडते.

उंबरठा:
अगदी. ती श्रद्धेची गोष्ट, तिला पुरावा नको असतो. मामाच्या गोष्टीला पुरावा लागतो, म्हणून तर साडू आला.

खारेदाणे:
मला यात क्रियापदं जास्त मजेशीर वाटतात. आवई उठते, भुमका उठते, वावडी उडते किंवा उडवतात, कंडी पिकते किंवा पिकवतात, पुडी सोडतात, थाप मारतात, हूल देतात. नीट बघा, आवई 'उठते' तेव्हा ती कुणी उठवली हे कुणी विचारत नाही, धुरळ्यासारखी आपोआप. पुडी मात्र 'सोडतात', तिथे सोडणारा आहे आणि तो कोपऱ्यात बसून मजा बघतोय. वावडी म्हणजे मुळात मोठा पतंग, ती वर दिसते, दोरी कुणाच्या हातात ते दिसत नाही. आणि 'पिकणे' तर काय शब्द आहे, हशा पिकतो, खसखस पिकते, कंडी पिकते, म्हणजे हे पीक घ्यायला चार माणसं जमलेली लागतात, एकट्याच्या शेतात येत नाही.

यातलं मामाला काही लागू होत नाही. मामाने पुडी सोडली नाही, थापही मारली नाही, त्याला खरंच तसं वाटतंय.

ढब्बू:
लोणकढी थाप राहिली. लोणकढं तूप म्हणजे घरच्या लोण्याचं ताजं कढवलेलं, शुद्ध, रवाळ. इतकी चांगली बनवलेली थाप की वरणभातावर घ्यावी. आणि 'भाकडकथा' विसरू नका, भाकड म्हणजे दूध न देणारी गाय. एकीकडे तूप, दुसरीकडे आटलेली गाय, आपल्या पूर्वजांचा सगळा कारभार गोठ्यातून चालायचा.

आडवाटा:
दुधावरून आठवलं, २१ सप्टेंबर १९९५. मी सहावीत. सकाळी शेजारच्यांकडे दिल्लीहून एसटीडी आला की गणपती दूध पितोय, तास-दीड तासात आमच्या अख्ख्या आळीत पातेली घेऊन रांग. आजीने चांदीचा चमचा काढला, सोंडेला टेकवला, आणि दूध खरंच कमी झालं, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण मी बुटका होतो म्हणून मला खालचंही दिसत होतं, मूर्तीच्या पोटावरून एक पातळ ओली रेघ पायापर्यंत आणि पाटाखाली थारोळं. मी म्हटलं आजी, खाली सांडतंय. तर आजीऐवजी मागच्या काकूंनी टपली मारली. नंतर शास्त्रज्ञांनी रंग घातलेलं दूध वापरून दाखवलं की पृष्ठताणामुळे दूध चमच्याच्या कडेवरून ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली उतरतं, पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध कसं दिसणार. पण हे सांगणारा पेपर दुसऱ्या दिवशीचा, चमचा आदल्या दिवशीचा. आजी शेवटपर्यंत 'प्यायला' असंच म्हणायची.

आणि २००६ च्या ऑगस्टात माहीमला समुद्र गोड झाला होता, आठवतंय का कुणाला? लोक बाटल्या भरून नेत होते, लहान मुलांना पाजत होते, पालिका ओरडतेय पिऊ नका. पावसाचं, मिठी नदीतून आलेलं गोडं पाणी होतं ते. नदीचं नाव मिठी हा योगायोगच, पण गोष्टीला असा योगायोग फुकटात मिळाला की ती सोडत नाही.

नाचणी:
आडवाटा, तुमच्या आजीच्या 'प्यायला'वरून माझ्या डोक्यात काहीतरी चमकलं. मराठीत आपल्याकडे एक जबरदस्त सोय आहे, 'म्हणे'. "तो म्हणे लंडनला गेला." दोन अक्षरं, आणि सगळी जबाबदारी अंगावरून झटकली, मी पाहिलं नाही बुवा, ऐकलंय, तुम्ही बघा. इतकं स्वस्त डिस्क्लेमर कुठल्या वकिलाकडे मिळणार नाही. तर अफवा सांगताना 'म्हणे' असतो. "उद्यापासून मीठ मिळणार नाही म्हणे", २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदीच्या गडबडीत हे ऐकून लोकांनी किराणा दुकानांपुढे गर्दी केलीच की. पण गोष्ट चार तोंडांतून गेली की 'म्हणे' गळतो आणि त्या जागी नातेवाईक येऊन बसतो. "साताऱ्यात म्हणे एका मुलीला सुई टोचली" याचं "माझ्या साडूच्या ऑफिसातल्या" होतं. आणि नातं नेहमी बरोब्बर मापाचं. सख्खा भाऊ चालत नाही, कारण त्याला लगेच फोन लावता येतो. साडू, व्याही, जावेचा भाऊ, नणंदेची शेजारीण, इतपत लांब की विचारायला जाणं बरं दिसत नाही आणि इतपत जवळ की खोटं म्हटलं तर अपमान.

म्हणून माझा प्रस्ताव: साडूकथा.

ढब्बू:
साडूकथा!! घेतला. उद्यापासून वापरणार. (माझे साडू हे वाचत असतील तर, तुम्ही नाही हो.)

खारेदाणे:
शब्द झकास आहे. आणि लोक खरं म्हणून का सांगतात याचं उत्तर पण त्यातच आहे, मामाला खोटं पाडायचं म्हणजे अख्ख्या बारशाच्या मांडवात त्याच्या साडूला खोटं पाडायचं, एवढं कोण करतं, त्यापेक्षा 'अगं बाई' सोपं.

मी पण कबुली देतो. दोन हजारच्या नोटेत चिप आहे, जमिनीखाली पुरली तरी सॅटेलाइटला दिसते, हे मी ऑफिसात चार जणांना सांगितलंय, सगळ्यांसमोर नोट ट्यूबलाइटपुढे धरून. मला तेव्हा शंका आली नव्हती का? आली होती. पण सगळे माझ्याकडे बघत होते हो. एरवी मीटिंगमधे माझं कोण ऐकतं. रिझर्व्ह बँकेने असलं काही नाही म्हणून सांगितलं, ते मात्र मी त्या चार जणांना सांगायला गेलो नाही.

पाणवठा:
सगळं गमतीत चाललंय म्हणून उशिरा लिहिते. मी धुळ्याकडची. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना मारून टाकलं, मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे. बाजाराचा दिवस होता, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. त्या दिवसांत देशभर एक व्हिडिओ फिरत होता, मोटरसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावरचं मूल उचलून नेतात. तो कराचीतल्या एका संस्थेचा जनजागृतीचा व्हिडिओ होता, त्यात शेवटी ते मूल परत आणून ठेवतात आणि पाटी दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला.

आमच्याकडे 'पोरं धरणारे आले' हे मी लहानपणीपण ऐकलंय, पुलाच्या पायात घालायला मूल लागतं म्हणून. तेव्हा आई आम्हाला घरात बोलवायची आणि विषय संपायचा. शब्द तेच, 'आवई उठली'. पण 'उठली' म्हटलं की कुणीच उठवली नाही असं होतं ना, ते मला त्यानंतर बोलवत नाही.

उंबरठा:
पाणवठा, बरं झालं लिहिलंत. 'उठली'बद्दल तुमचं म्हणणं पटलं, अशा ठिकाणी 'पसरवली' लिहावं.

त्याच जुलैत व्हॉट्सॲपने मेसेजवर 'फॉरवर्डेड' ही खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच चॅट्सना पुढे पाठवता येईल असं केलं. नाचणी, तुमच्या हिशोबाने म्हणजे लोकांनी टाकून दिलेला 'म्हणे' मशीनने परत चिकटवला. तरी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लोक 'फॉरवर्डेड अ‍ॅज रिसिव्ह्ड' हाताने टाइप करून पाठवतात. आणि खाली 'खरं असेल तर सावध राहा, खोटं असेल तर सोडून द्या'. यात पाठवणाऱ्याचं नुकसान कुठेच नाही. पाठवलं आणि खोटं निघालं तर काय बिघडलं, नाही पाठवलं आणि खरं निघालं तर? काळजीपोटी पाठवतात बरेचजण, हे मी माझ्या आईवरून सांगतो.

परसदार:
न्यू जर्सीतून. इथे हॅलोविनला मुलं गोळ्या गोळा करून आणली की सगळे आईबाप त्या टेबलवर पसरून तपासतात, अनोळखी लोक आत ब्लेड नि विष घालतात म्हणून. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या, अनोळखी माणसाने असं विष देऊन मूल मेल्याचं एकही प्रकरण त्याला पक्कं सापडलं नाही. १९७४ मधे टेक्ससला एक मुलगा खरंच मेला, पण विष त्याच्या स्वतःच्या बापाने विम्याच्या पैशांसाठी घातलं होतं. हे सगळं माहीत असून मी गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या पिशवीतली प्रत्येक गोळी उलटीसुलटी करून पाहिली. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर ज्यांनी ब्लेडचा मेसेज टाकला त्यांच्याकडे म्हणे फोटो पण होता.

ढब्बू:
'म्हणे' परत आला, शुभशकुन.

नाचणी:
अपडेट. काल राहवेना म्हणून मामाच्या साडूंनाच फोन केला, सरळ कसं विचारायचं, म्हणून म्हटलं काका, ते ऑफिसातलं सुईचं काय झालं हो, मुलगी बरी आहे ना. काका म्हणाले, "ऑफिसातलं नाही गं, तुझा मामा घोळ घालतो. माझ्या पुतणीच्या हॉस्टेलवरची मुलगी होती ती, पुण्याला."

खारेदाणे:
म्हणजे साडूकथा बाद, पुतणीकथा.

ढब्बू:
पुतणीचा नंबर घेतला का?

नाचणी:
घेतला. उचलत नाहीये.